ब्लँकेट ‘डेलिकेट’वर का धूत नाही?

आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर रोज दोन-चार जण हेच विचारतात, मशीनच्या ‘डेलिकेट’ म्हणजे नाजूक धुलाईच्या सायकलवर ब्लँकेट का लावत नाही, आणि गर्दीत उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हा कागद तुमच्या गठ्ठ्यात ठेवला आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला बारीक जाळी बसवली. आठवड्याभरात तिच्यावर राखाडी-निळसर, ओल्या कापसासारखा थर साचला. वाळवून काडी लावली. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. हा आकसला, वितळला आणि काळा टणक मणी होऊन बसला. म्हणजे प्लास्टिकच! मिंक ब्लँकेट, फ्लीसची जॅकेटं, जिमचे टी-शर्ट, रोजच्या सिंथेटिक साड्या हे सगळं बहुतेक पॉलिस्टर, नायलॉन नाहीतर अ‍ॅक्रिलिक. धुताना घासलं गेलं की त्यातून केसाहून बारीक तंतू सुटतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा कणांना, तंतूंना मायक्रोप्लास्टिक म्हणतात.

किती सुटतात? इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली अंदाज काढला: सहा किलोच्या एका धुलाईत अ‍ॅक्रिलिकमधून ७ लाखांहून जास्त, पॉलिस्टरमधून ५ लाखांच्या आसपास. पॉलिकॉटनमधून, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापडातून, बरेच कमी, १ लाख ३८ हजारांच्या घरात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात यातले बहुतेक अडकतात खरे, पण गाळात उरतात. तो गाळ खत म्हणून शेतात पडला की तंतूही मातीत. आणि जे पाणी शुद्ध न होताच मुठेत जातं त्याबद्दल पुणेकरांना आम्ही काय सांगावं?

आता ‘डेलिकेट’चं. नाजूक धुलाईत कपडा कमी झिजत असेल, असं आम्हालाही वाटायचं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात उलटंच निघालं. या सायकलला पाणी भरपूर लागतं, आणि कपड्याच्या मानाने पाणी जितकं जास्त तितके तंतू जास्त: नेहमीच्या सायकलपेक्षा सरासरी ८ लाख अधिक. म्हणून सिंथेटिक कपडे आम्ही मशीन पूर्ण भरल्यावरच, थंड पाण्यात लावतो. एकटं ब्लँकेट आलं तर त्याला जोडीदार मिळेपर्यंत थांबावं लागतं. दोन दिवस जास्त लागतील, दर तोच. रेशीम, लोकर आणि जरीची साडी पूर्वीसारखीच वेगळी जाते, काळजी नसावी.

जाळीने सगळं अडतं असं नाही, अगदी बारीक तंतू निसटतातच. अडकलेला थर बेसिनमध्ये धुतला तर जाळी लावून मिळवलं काय, म्हणून तो कोरडा करून सुक्या कचऱ्यात देतो. घरी मशीनची जाळी साफ करताना तुम्हीही तेच करा.

नव्या कपड्यातून पहिल्या काही धुलायांतच सर्वांत जास्त तंतू सुटतात. तेव्हा नवं ब्लँकेट आधी आमच्याकडे टाका. धंद्याचं बोलतोय असं वाटेल, वाटू दे.

तो काळा मणी काउंटरवर काचेच्या बरणीत ठेवला आहे. मुलं गोळी समजून हात घालतात, म्हणून झाकण घट्ट आहे. मागा, उघडून दाखवू.