चिंचोके, वाळवी आणि बारा शब्द

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्यात नोकरी करतो, सणाला गावी आलेला. "सर, बिटकॉइनले वाळवी लागली नं!"

देवघरातल्या तसबिरीमागे खोचलेल्या कागदाची मातीच्या भिंतीतल्या वाळवीनं चाळणी केली होती. कागदावर बारा इंग्रजी शब्द होते, त्यातले सातच वाचता येत होते. जुना फोन आधीच मेलेला.

मुळात बिटकॉइन हे आभासी चलन फोनमध्ये नसतंच. सातबाऱ्याचा कागद हरवला म्हणून वावर जात नाही, नोंद दप्तरी असते. बिटकॉइनचं दप्तर जगभरच्या हजारो संगणकांवर उघडं पडलेलं आहे. आपल्याकडे असतो तो फक्त सहीचा अधिकार, म्हणजे खासगी किल्ली, म्हणजे एक अवाढव्य संख्या. इथं तलाठी नाही, फेरफारावर हरकत घ्यायची सोय नाही. संख्या ज्याच्या हाती, त्याची सही खरी.

ते बारा शब्द म्हणजे ही किल्ली ज्यातून निघते ते बीज. ते कसं तयार होतं ते मला फार आवडतं. लहानपणी आपण फोडलेले चिंचोके घेऊन खेळायचो, आठवतं? आतली बाजू पांढरी, बाहेरची काळपट. पांढरा पडला की १, काळा पडला की ०. असे १२८ अंक लिहून काढा आणि अकरा-अकराचे गट पाडा. अकरा अंकांच्या २०४८ वेगवेगळ्या ओळी होतात, म्हणून ठरलेल्या यादीत शब्दही २०४८ आहेत. अकरा गटांत १२१ अंक संपतात, ७ उरतात. त्यांना एसएचए-२५६ या गणिती चरकातून निघालेले ४ तपासणीचे अंक जोडले की बारावा शब्द मिळतो. सगळे चिंचोके काळेच पडले, तर 'अबॅन्डन' हा शब्द अकरा वेळा येतो आणि शेवटी 'अबाउट'.

पण चिंचोका लबाड असतो. एक बाजू फुगीर, एक सपाट. दोन्ही सारख्याच वेळा पडतील याची खात्री नाही. यावर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची युक्ती आहे. एकच चिंचोका दोनदा फेका. पांढरा-काळा आला तर १, काळा-पांढरा आला तर ०, दोन्ही सारखे आले तर सोडून द्या. पांढऱ्याची शक्यता प असली, तर दोन्ही क्रमांची शक्यता प × (१ − प) इतकीच येते, त्यामुळे लबाडी आपोआप कटते. फेकी मात्र पाचशेच्या वर लागतात.

कुलदैवत, जन्मतारीख, 'शुभ अंक' यांतून किल्ली बनवणारेही आहेत. माणसाला सुचतं ते चोरालाही सुचतं. गुप्तधन काढून देणारा मांत्रिक आणि महिन्यात दुप्पट करून देणारा कॉइनवाला मला तर एकाच घराण्यातले वाटतात.

एकच शब्द गेला असता, तर २०४८ शब्द एकेक लावून पाहिले असते. पाच गेले म्हणजे २०४८ पाच वेळा गुणायचे. ३६ वर १५ शून्यं. बाराही शब्द अंदाजानं शोधणाऱ्यानं सेकंदाला एक लाख कोटी जुळण्या तपासल्या, तरी १ वर १९ शून्यं इतकी वर्षं लागतील. म्हणून चोर गणिताच्या वाटेला जात नाही. तो "कंपनीतून बोलतो" म्हणून फोन करतो आणि शब्द टाकायला सांगतो.

"नंतर काढलेल्या नव्या पाकिटाचे, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या ॲपचे, शब्द कुठं ठेवले?" मी विचारलं.

"फोटो काढून ठेवला, सर."

म्हणजे ते शब्द फोनमधून इंटरनेटवरच्या साठ्यातही गेलेले. आता चोराला गणित काय, फोन करायचीही गरज नाही. पोराला पुन्हा नवे शब्द काढायला लावले, तेही नेटला कधीच न जोडलेल्या यंत्रावर, आणि नव्या पाकिटातले पैसे तिकडे हलवायला सांगितले. मग बाजारातून भांड्यांवर नावं टाकायचं मशीन तासाभरासाठी मागून आणलं. दुकानदारानं "काय टाकून देऊ?" विचारलं, पण त्याला सांगितलं तर सगळं मुसळ केरात. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून पोरानं स्वतःच स्टीलच्या ताटलीमागे जेमतेम अठ्ठेचाळीस अक्षरं कोरली.

आईनं ताटली उलटी करून पाहिली. "हे कोणाच्या आहेराची हाय रे?"