खाटांचा रेट विचारण्याआधी खोलीवार यादी करा

नवीन हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा डे-केअर सेंटर उभारणाऱ्या डॉक्टरांसाठी

आम्ही नाशिकमध्ये हॉस्पिटलचं फर्निचर बनवतो. आमच्याकडे येणारा मेसेज साधारण असा असतो : "वीस फाउलर बेड, वीस लॉकर, दोन आयसीयू बेड, एक ओटी टेबल. रेट पाठवा. पुढच्या महिन्यात ओपनिंग आहे." (फाउलर बेड म्हणजे डोक्याकडचा भाग वर उचलता येणारी खाट, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.) रेट पाठवणं दहा मिनिटांचं काम आहे. तरी आम्ही आधी विचारतो : ड्रॉइंग आहे का? चौकटी बसल्या का? वायरिंग झालं का? काही डॉक्टरांना ही टाळाटाळ वाटते, काहींना वाटतं आम्ही बिल वाढवायची वाट शोधतोय. आम्ही असं का विचारतो, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक छापलं आहे.

नाशिकमध्ये लहान हॉस्पिटल बहुतेक दोनच प्रकारे उभं राहतं. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरकडचा जुना बंगला बदलून, नाहीतर मुंबई नाक्याच्या बाजूला एखाद्या नव्या इमारतीतले दोन मजले घेऊन. दोन्हीकडे क्रम तोच. आधी बांधकाम, मग प्लंबिंग, वायरिंग, टाइल्स, फॉल्स सीलिंग, रंग, बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी फर्निचर. "ते काय, आणून ठेवायचं असतं." घरातल्या सोफ्याचं तसं चालतं. हॉस्पिटलच्या खाटेचा संबंध दाराशी, लिफ्टशी, डोक्यामागच्या भिंतीशी, ऑक्सिजनच्या पाइपशी आणि बाथरूमच्या वाटेशी येतो. खाट कुठे येणार हे ठरलं नसेल, तर ही बाकीची कामं अंदाजाने होतात. अंदाज चुकला की तयार भिंत फोडावी लागते आणि ओपनिंग पुढे जातं. हीच एक चूक आम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहतो.

दारापासून सुरुवात करू. साध्या फाउलर बेडची लांबी सुमारे पावणेसात फूट आणि रुंदी ३ फूट म्हणजे ३६ इंच असते. दोन्ही बाजूंच्या रेलिंग धरल्या की ही रुंदी ३९-४० इंचांवर जाते आणि आयसीयू बेड त्याहूनही मोठा असतो. आता कंत्राटदार म्हणतो, "साडेतीन फुटी दार ठेवलंय, काळजी करू नका." साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, पण हे माप चौकटीच्या बाहेरून बाहेरचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची चौकट गेली की ३७ उरतात. दाराचं पाखं, म्हणजे पल्ला, उघडून काटकोनात उभं राहिलं की त्याची जाडी आणखी दीड इंच खाते. हातात राहिले साडेपस्तीस इंच. तीन फुटी खाट त्यातून जात नाही, रेलिंगसकट तर नाहीच.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं : "पण तुम्ही बेड सुटे करून आत नेता ना?" नेतो. डोक्याचं आणि पायाचं पॅनल निघतं, फ्रेम आडवी करून आत घेता येते आणि खोलीत जोडता येते. म्हणजे खाट आत जाते. पेशंट झोपलेला असताना तीच खाट बाहेर येत नाही. काही वर्षांपूर्वी एका बंगल्यातल्या हॉस्पिटलला आम्ही दुसऱ्या मजल्यावर दहा खाटा अशाच सुट्या नेऊन जोडून दिल्या. तेव्हा आम्हीही बोललो नाही, ऑर्डर होती, घाई होती. पुढे एका रात्री पेशंटची तब्येत अचानक बिघडली. खालच्या मजल्यावर न्यायचं होतं. खाट दारात अडकली, चादरीत धरून चौघांनी उचलून स्ट्रेचरवर घ्यावं लागलं. पेशंट सुखरूप राहिला. पण त्या दिवसापासून दाराची मोकळी रुंदी स्वतः मोजल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

वॉर्डच्या दाराला मोकळी रुंदी ४ फूट मिळायला हवी. त्यासाठी भिंतीत दाराला किमान पावणेपाच फुटांची जागा ठेवावी लागते. एवढं मोठं पाखं जड जातं म्हणून दीड पाख्याचं दार करा. मोठं पाखं रोजच्या ये-जा करता, आणि लहान पाखं खाट न्यायची असेल तेव्हाच उघडायचं. दीड पाख्याचं दार सुतारांना माहीत असतं, फक्त वेळेवर सांगावं लागतं.

लिफ्टचंही तसंच. "बेड लिफ्ट आहे" एवढ्या शब्दावर जाऊ नका. भारतीय मानकातली १५ माणसांची हॉस्पिटल लिफ्ट आतून १००० मिमी रुंद आणि २४०० मिमी खोल असते, दार त्याहून अरुंद. त्यात स्ट्रेचर ट्रॉली आरामात जाते, रेलिंगची खाट जात नाही. ती लिफ्ट चुकीची आहे असं नाही. पण मग तुमच्या मजल्यांमधली ने-आण स्ट्रेचरवर होणार हे धरून यादीत चांगली ट्रॉली आणि ती उभी करायची जागा दोन्ही हवं. ही ट्रॉली कॉरिडॉरमध्ये कायमची उभी राहिली, तर फायरवाले तपासणीला आल्यावर पहिलं बोट तिच्याकडे दाखवतात. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली आणि राज्यभर हॉस्पिटलांचं फायर ऑडिट झालं. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो हे आपल्याला ठाऊकच आहे. वाट अडवणारं फर्निचर आम्ही विकत नाही, कुणी मागितलं तरी.

आता डोक्यामागची भिंत. ही आमच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. इलेक्ट्रिशियनला खाट कुठे येणार हे कुणी सांगितलेलं नसतं. मग तो घरातल्या बेडरूमसारखा जमिनीपासून फूटभर उंचीवर सॉकेट देतो. खाट चाकांवर असते, झाडलोट करताना मागे ढकलली जाते आणि पॅनल थेट त्या प्लगवर आपटतं. सहा महिन्यांत सॉकेट फुटतं, वायर उघडी पडते. सॉकेट आणि ऑक्सिजन, व्हॅक्यूमचे आउटलेट साधारण पाच फुटांवर हवेत, एका ओळीत किंवा भिंतीवरच्या बेड-हेड पॅनलमध्ये. खाटेचं पॅनल भिडतं त्या उंचीवर भिंतीला पट्टी मारून घ्या, म्हणजे रंगही टिकतो. आयसीयूच्या एका खाटेला व्हेंटिलेटर, मॉनिटर, तीन-चार सिरिंज पंप, सक्शन, एअर मॅट्रेस असं धरलं की दहा-बारा पॉइंट सहज लागतात. चार दिले तर एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर येतो, आणि जमीन रोज पुसली जाते.

२१ एप्रिल २०२१ ला आपल्या शहरातल्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले. ते दुःख नाशिक विसरलेलं नाही. तेव्हापासून अगदी दहा खाटांचे डॉक्टरही मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एका पाइपला जोडायची सोय) आणि राखीव सिलिंडरबद्दल विचारतात, हे फार चांगलं झालं. पण तांब्याची पाइपलाइन टाकणारा माणूस आउटलेट कुठे काढणार, हे खाटांची जागा ठरल्यावरच ठरतं. आउटलेट दोन खाटांच्या मधोमध आला तर दोन्हीकडून नळी ताणली जाते.

खाट लावताना आणखी एक गोष्ट. डॉक्टर पेशंटला तपासतात ते उजव्या बाजूने, हे आम्ही आपल्याला काय सांगावं! पण ड्रॉइंगवर लॉकर हटकून त्याच बाजूला काढलेला असतो. लॉकर डावीकडे घ्या. दोन खाटांमध्ये ४ फूट मोकळे ठेवा, म्हणजे पडदा ओढूनही सिस्टरला उभं राहता येतं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. पेशंट आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं.

ओटीबद्दल थोडक्यात : सीलिंगचा ओटी लाइट फॉल्स सीलिंगवर टांगता येत नाही, त्याचे अँकर बोल्ट स्लॅबमध्ये जातात. म्हणून लाइटचं मॉडेल फॉल्स सीलिंगच्या आधी ठरवा. मोठा ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं मशिन) घेणार असाल तर थ्री फेज लागते. एक्स-रेचा विषय आमचा नाही. त्याला ॲटॉमिक एनर्जी रेग्युलेटरी बोर्डाची मंजुरी लागते, आणि भिंतीच्या जाडीपासून सगळं त्यात येतं. मशिनच्या डीलरशी आधी बोला.

तर यादी कशी करायची? वस्तूवार करू नका, खोलीवार करा. ड्रॉइंग समोर ठेवा, मनाने दारातून आत या आणि त्या खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत काय होतं ते बघा. पेशंट कशावर झोपतो, सलाइन कशाला लटकतं, सिस्टर फाइल कुठे ठेवते, कचरा कुठे टाकते, नातेवाईक कुठे बसतो. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा : माप, तिला लागणारी वीज-पाणी-गॅस, आणि ती कोण देणार.

हा शेवटचा रकाना फार उपयोगी आहे. सिव्हिल कंत्राटदार म्हणतो फर्निचरवाला देईल, आम्ही म्हणतो मशिनवाला देईल, मशिनवाला म्हणतो ब्रॅकेट आमच्यात येत नाही. अशा बेवारशी वस्तू ठरलेल्या आहेत : पडद्याचे ट्रॅक, मॉनिटरचं वॉल ब्रॅकेट, हात धुण्याच्या लिक्विडचे डिस्पेन्सर, सिलिंडर ट्रॉली, चढायची पायरी, पिवळा-लाल-पांढरा-निळा अशा चार रंगांचे कचऱ्याचे डबे आणि त्यांना जागा. ओपनिंगच्या आदल्या दिवशी धावपळ होते ती याच वस्तूंसाठी. आणि नातेवाइकांचा बाक. सुरगाणा, पेठ, कळवणहून पेशंट येतो तेव्हा घरचं माणूस रात्रभर सोबत थांबतं, डबा आणि पिशवी घेऊन. त्याला बाक दिला नाही तर तो खाटेच्या कडेवर बसतो आणि खाट वाकते. आमचा सहा फुटी बाक खाली सामानाच्या कप्प्यासह येतो, तो बघून जा असं आग्रहाने सांगू.

रेटबद्दल. बाजारात आमच्यापेक्षा स्वस्त खाटा मिळतात. फरक बहुतेक वेळा पाइपच्या जाडीत, चाकांत आणि स्टीलमध्ये असतो. आम्ही ५ इंची चाकं लावतो, कारण ३ इंची चाकं लिफ्टच्या फटीत अडकतात. स्टील ३०४ ग्रेडचं वापरतो. लोहचुंबक लावून ग्रेड तपासणारे खूप भेटतात, पण २०२ (हे स्वस्त स्टील) आणि ३०४ या दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. टेस्टिंग सोल्यूशनचा थेंब आणि लहान बॅटरी लावली की २०२ वर लाल रंग येतो. ही बाटली आमच्याकडे असते, आमच्याच मालावर लावून बघा. आणि स्टील कुठलंही असो, हायपोक्लोराइटने (ब्लीचसारख्या जंतुनाशकाने) पुसल्यावर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्यायला हाउसकीपिंगला सांगा. तसंच राहू दिलं तर ३०४ लाही डाग पडतात, आणि ती तक्रार वॉरंटीत बसत नाही.

जागेच्या पाहणीचे आम्ही शहरात १,५०० रुपये घेतो. ऑर्डर दिलीत तर ते बिलातून वजा होतात. पैसे घेतो कारण आमचा माणूस अर्धा दिवस टेप घेऊन फिरतो, चौकटी, लिफ्ट, जिन्याचं वळण मोजतो, भिंतीवर खडूने खाटा आखून देतो, आणि ती आखणी ऑर्डर दुसरीकडे दिली तरी आपलीच राहते. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे वीटकाम झालंय, वायरिंगवाल्याने भिंतींना झिऱ्या मारलेल्या नाहीत. त्याच्याही आधी, नुसत्या ड्रॉइंगवर आलात तर ही पाहणी अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फुकट करून देतो. खाटा बनवायला चार आठवडे लागतात. ओपनिंगच्या तारखेतून ते वजा करा आणि बसवायला वर एक आठवडा ठेवा.

जागा तयार होऊन गेली असेल तरी संकोच करू नका. अरुंद दाराला काढता-घालता येणाऱ्या रेलिंगची, थोडी कमी रुंदीची खाट आम्ही बनवून देतो. ती नेहमीच्या खाटेपेक्षा महाग पडते आणि जाड पेशंटला थोडी अडचणीची होते, हे आधीच सांगून ठेवतो.

खोलीवार यादीचा कोरा तक्ता या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापला आहे. येताना तो भरून आणा, सोबत ड्रॉइंगची प्रत आणि प्रत्येक दाराचं मोकळं माप : पाखं पूर्ण उघडून, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, इंचांत.