पेशी आणि तिचे प्रद्रव्यपटल

पेशी हे सर्व सजीवांच्या शरीराचे रचनेचे व कार्याचे मूलभूत एकक होय. जीवाणू आणि अमीबा यांचे सारे शरीर एकाच पेशीचे असते, तर वटवृक्ष किंवा माणूस असंख्य पेशींचा बनलेला असतो. जीवाणूंच्या पेशीत केंद्रक पटलाने वेढलेले नसते, म्हणून ती आदिकेंद्रकी. वनस्पती, प्राणी व कवके यांच्या पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे पटलाने वेढलेले केंद्रक असलेल्या असतात. पेशीचा अभ्यास शाळेत बहुधा तंतुकणिका, हरितलवक, गॉल्जी संकुल अशा अंगकांच्या, म्हणजे पेशीतल्या निरनिराळी कामे करणाऱ्या लहान भागांच्या, नावांपासून सुरू होतो. मात्र आतले द्रव्य बाहेरच्या जगापासून वेगळे राखणारे प्रद्रव्यपटल नीट समजले, तरच त्या नावांना अर्थ येतो.

रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले. ते मृत पेशींचे रिकामे सांगाडे होते. उरल्या होत्या त्या केवळ पेशीभित्तिका. पुढे 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी केंद्रकाला नाव दिले, 1838–39 मध्ये श्लायडेन व श्वान यांनी पेशी सिद्धान्त मांडला, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते हे विरशो यांनी 1855 मध्ये ठामपणे सांगितले.

वनस्पतिपेशीला बाहेरून सेल्युलोजची भित्तिका असते आणि तिच्या आतल्या बाजूस प्रद्रव्यपटल असते. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गल्लत येथेच होते. भित्तिका आधार देते, पण पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांना ती अडवत नाही. अडवणे व निवडून आत घेणे हे काम प्रद्रव्यपटलाचे आहे, म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात. मेद आणि प्रथिने यांचे बनलेले हे पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड असते. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे आकृतीत ठळक रेघेने काढले जाणारे हे पटल शाळेच्या प्रयोगशाळेत थेट दिसूच शकत नाही. त्याची जागा मात्र दाखवता येते.

पुण्यातल्या शाळांना यासाठी लागणारी वस्तू मंडईत रोज मिळते. चाकणच्या बाजारातून शहरात येणाऱ्या कांद्यांपैकी चांगला गडद लाल कांदा निवडावा, वरची कोरडी साल काढून टाकावी आणि आतल्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा चिमट्याने अलगद सोलावा. पापुद्रा काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरून आच्छादक काच सुईच्या आधाराने तिरकी टेकवत खाली सोडावी, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडेचे ते गोल वर्तुळच मुले पेशी म्हणून वहीत काढतात. शंभर पट मोठे करून पाहिले की विटांच्या भिंतीसारख्या रांगा दिसतात. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी भासते, कारण रंगद्रव्य रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीत असते आणि रिक्तिकेने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली असते. (या पेशींत हरितलवके नसतात, कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके काढणे ही चूक आहे, मग आकृती कितीही सुबक असो.)

आता काचेच्या एका कडेला मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. थोड्याच वेळात जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसतो आणि मध्ये गोळा होतो. भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. बाहेरचे द्रावण अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसापेक्षा तीव्र असल्याने परासरणाने, म्हणजे पटलातून तीव्र द्रावणाकडे वाहत, पेशीतले पाणी बाहेर पडले आणि पटलाने वेढलेले प्रद्रव्य (पेशीतले जिवंत द्रव्य) आकसले. यालाच रससंकुचन म्हणतात. आकसलेल्या प्रद्रव्याची कड जिथे आहे, तिथेच प्रद्रव्यपटल आहे, आणि ते व भित्तिका यांमधल्या मोकळ्या जागेत मिठाचे पाणी भरलेले असते. लगेच साधे पाणी दिले तर पेशी पुन्हा भरते. पापुद्रा आधी उकळून घेतला असेल तर यातले काहीच घडत नाही, कारण पटलच निकामी झालेले असते. उकडलेल्या बिटाचा रंग पाण्यात उतरतो तोही याच कारणाने.

कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीला मीठ लावताच पाणी सुटते, तेव्हा हेच परासरण स्वयंपाकघरात चाललेले असते. प्राणिपेशीला भित्तिका नसल्याने तिथे गोष्ट अधिक नाजूक होते. तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. म्हणूनच रुग्णाला शिरेतून नुसते पाणी न देता 0.9 टक्के मिठाचे, रक्ताशी समपरासारी (तेवढ्याच तीव्रतेचे) असलेले सलाईन देतात.

पुण्यात गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. संशोधनासाठी पेशी वाढवणे, जपून ठेवणे आणि देशभरातील प्रयोगशाळांना पुरवणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे. शरीराबाहेर पेशी वाढवताना पोषक माध्यमातील क्षारांचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते. दीर्घकाळ साठवणुकीसाठी पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने उणे 196 अंश सेल्सिअसपर्यंत गोठवतात. त्यापूर्वी त्यांत संरक्षक द्रव्य मिसळून तापमान हळूहळू उतरवतात. एकदम गोठवल्यास आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन प्रद्रव्यपटल फाटते आणि वितळवल्यावर पेशी जिवंत राहत नाही.