उकळतात जवळपास एकदमच, मग वेगळे कसे करायचे?

बेंझिन उकळतं ८०.१ डिग्रीला आणि सायक्लोहेक्झेन ८०.७ ला. आता डिस्टिलेशनमध्ये जे आधी उकळतं ते वर जाणार आणि दुसरं खाली राहणार, पण फरकच जर अर्ध्या डिग्रीचा असेल तर कोण वर जाणार आणि कोण खाली राहणार? बरं, कॉलम, म्हणजे हे ज्यात चालतं तो मनोरा, उंच केला तरी भागत नाही. प्रोपेन-प्रोपिलीनमध्ये निदान पाचेक डिग्रीचा फरक आहे, तिथे शंभराहून जास्त ट्रे (कॉलममधले मजले, जिथे वाफ आणि द्रव भेटतात) घालून काम निघतं. पण बेंझिन आणि सायक्लोहेक्झेन साधारण निम्मे-निम्मे झाले की ते मिश्रण ७७-७८ डिग्रीला एकच पदार्थ असल्यासारखं उकळतं, द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. याला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात, आणि इथे हजार ट्रे घातले तरी गाडी पुढे सरकत नाही.

म्हणून मग तिसरा आणायचा, सॉल्व्हंट. उदाहरणार्थ सल्फोलेन, जे २८५ डिग्रीला उकळतं. बेंझिनच्या रिंगवर इलेक्ट्रॉनचा ढग पसरलेला असतो आणि सल्फोलेन पोलर (म्हणजे रेणूचं एक टोक धन, एक ऋण) असल्यामुळे त्या ढगाला धरून ठेवतं. सायक्लोहेक्झेनचीही सहा कार्बनचीच रिंग, पण तसा ढग नाही, मग त्याला धरायला काही नाही आणि ते वाफ होऊन वर निघून जातं. म्हणजे बघा, आधी उकळणारं बेंझिन खाली राहतं आणि नंतर उकळणारं वर जातं! मला हे एक्स्ट्रॅक्टिव्ह डिस्टिलेशन इतकं आवडतं ते यासाठीच.

सॉल्व्हंट कॉलमच्या वरच्या भागात सोडतात, म्हणजे खाली येताना प्रत्येक ट्रेवर ते हजर असतं. पण अगदी टोकाला नाही, वर थोडे ट्रे मोकळे ठेवावे लागतात, नाहीतर वाफेबरोबर तेही थोडं निघून जाईल. मग दुसऱ्या कॉलममध्ये बेंझिन वर काढायचं, सल्फोलेन खालून परत फिरवायचं, आणि हे व्हॅक्यूममध्ये, म्हणजे कमी तापमानालाच उकळेल असं करायचं, कारण फार तापलं की सल्फोलेन बिघडतं.

सिंथेटिक रबरसाठी लागणारं ब्युटाडाईनही असंच काढतात. ते उकळतं उणे ४.४ ला, त्याच्यात मिसळलेलं आयसोब्युटिलीन उणे ६.९ ला, १-ब्युटीन मधेच कुठेतरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत यासाठी फरफ्युरल हे सॉल्व्हंट वापरायचे, आता एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन), डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल. त्यातही व्हिनाइल अ‍ॅसिटिलीनसारखे पदार्थ सॉल्व्हंटला ब्युटाडाईनपेक्षाही घट्ट चिकटतात, त्यामुळे ते काढायला बऱ्याच प्लांटमध्ये त्याच सॉल्व्हंटने अजून एकदा हाच खेळ करावा लागतो, फक्त या वेळी ब्युटाडाईन वर जातं.