द्राक्षांच्या मिरवणुकीतून आलेला रंगीत टीव्ही

रिओचा कार्निव्हल आणि फुटबॉल हाताशी असताना ब्राझीलनं आपलं पहिलं जाहीर रंगीत थेट प्रक्षेपण केलं ते एका द्राक्षोत्सवाचं. तारीख १९ फेब्रुवारी १९७२, ठिकाण काशियास दो सुल. देशाच्या दक्षिण टोकाकडचं हे डोंगराळ शहर १८७५ पासून तिथे येऊन राहिलेल्या इटालियन शेतकऱ्यांनी वसवलं. प्रक्षेपणाची मुख्य जबाबदारी होती पोर्तो आलेग्री इथल्या टीव्ही दिफुझोरा या प्रादेशिक केंद्राकडे. केंद्र चालवत होते कापुचिन पंथाचे ख्रिस्ती साधू, आणि ते सुरू होऊन तीन वर्षंही झाली नव्हती.

हा मान काशियासलाच का मिळाला? दळणवळणमंत्री इजिनो कोर्सेत्ती मूळचे तिथलेच. राष्ट्राध्यक्ष मेडिसीही त्याच राज्याचे. लष्करी राजवटीचा काळ होता, आणि नियमित रंगीत प्रक्षेपणासाठी मुहूर्त धरला तो ३१ मार्चचा, म्हणजे १९६४ च्या लष्करी उठावाच्या वार्षिक दिवसाचा. रंगीत टीव्ही त्या सरकारला मिरवायला हवा होता, हे उघड दिसतं. मात्र त्यासाठी निवडलेली तांत्रिक पद्धत दिखाऊ नव्हती.

त्या दिवशी बहुतेक घरांत ही मिरवणूक कृष्णधवलच दिसली, कारण रंगीत संच होतेच किती? पण जुन्या संचावर चित्र बिनबोभाट दिसलं, हीच तर खरी अट होती. ब्राझीलमध्ये टीव्ही आला १९५० मध्ये, साओ पावलोत, अमेरिकी यंत्रसामग्री घेऊन. त्यामुळे चित्रही अमेरिकी मापाचं: एका चित्रात ५२५ आडव्या रेषा, सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे चौकटी. युरोपात (आणि आपल्याकडे) ६२५ रेषा आणि २५ चौकटी. रंग आणायचा म्हणून हे माप बदललं असतं, तर लोकांच्या घरातले संच एका रात्रीत निकामी झाले असते.

मग अमेरिकेचीच रंगपद्धत, एनटीएससी, का घेतली नाही? तिचं दुखणं समजून घ्यायला रंग कसा पाठवतात ते पाहावं लागेल. कृष्णधवल चित्राच्या जोडीला एक वेगळी लहर पाठवली जाते. या लहरीची स्थिती घड्याळाच्या काट्यासारखी समजा. काट्याची लांबी सांगते रंग किती गडद, आणि काट्याचा कोन सांगतो रंग कोणता. अडचण कोनाचीच. डोंगरावरच्या एका मायक्रोवेव्ह मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत संदेश जातो, तेव्हा वाटेतल्या यंत्रांमुळे हा कोन थोडा थोडा सरकू शकतो. पोर्तो आलेग्री ते रिओ हे अंतर हजार किलोमीटरच्या वर. काटा दहा-पंधरा अंश सरकला की माणसाचा चेहरा हिरवट नाहीतर जांभळट दिसायला लागतो. द्राक्षांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

यावर तोड काढली होती जर्मनीत. टेलिफुंकन कंपनीतल्या वॉल्टर ब्रूख यांची पॅल पद्धत १९६७ पासून तिथे वापरात आली. युक्ती अशी की एका रेषेचा रंग सरळ पाठवायचा आणि पुढच्या रेषेत त्याचा एक घटक उलटा करायचा. संचात आल्यावर तो पुन्हा सुलटा केला जातो. वाटेत काटा उजवीकडे दहा अंश सरकला असेल, तर उलटसुलट झालेल्या रेषेत तीच चूक डावीकडे दहा अंश दिसते. दोन रेषांची सरासरी घेतली की कोन जागेवर येतो. किंमत मोजावी लागते ती एवढीच की रंग जरासा फिका पडतो. दहा अंशांच्या चुकीला साधारण दीड टक्का. तेवढा फरक डोळ्यांना कळतही नाही.

सरासरी घ्यायची तर आधीची रेषा कुठेतरी थांबवून ठेवायला हवी, सुमारे ६४ मायक्रोसेकंद. स्वस्त मेमरी चिप तेव्हा कुठून आणणार? म्हणून प्रत्येक संचात काचेचा एक छोटा चपटा तुकडा बसवायचे. त्याच्या कडेला लावलेला स्फटिक विद्युतसंदेशाचा कानाला ऐकू न येणारा ध्वनी करायचा. ध्वनी काचेच्या कडांवर आपटत आत फिरायचा आणि दुसऱ्या स्फटिकापाशी त्याचा पुन्हा विद्युतसंदेश व्हायचा. काचेत ध्वनीचा वेग सेकंदाला दोन-तीन किलोमीटर, म्हणजे पंधरा-वीस सेंटीमीटरची वाट कापली की रेषा बरोबर एक घर मागे पडते. घरातला टीव्ही रंग जुळवण्यासाठी आतल्या आत ध्वनी फिरवत बसायचा, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.

ब्राझीलनं चित्राचं माप अमेरिकी ठेवलं आणि रंगाची युक्ती जर्मन घेतली. या जोडीचं नाव पॅल-एम. चोख काम, पण देश एकटा पडला. रंग वाहणारी लहर अमेरिकेत ३.५७९५ मेगाहर्ट्झची, ब्राझीलमध्ये ३.५७५६ ची. फरक केसाएवढा, तरी पुढे लोकांनी मायामीहून व्हीसीआर आणले, तेव्हा चित्र स्थिर आणि रंग गायब! युरोपचा पॅल व्हीसीआर जोडला तर चित्रच वर-खाली धावायचं. हे व्हीसीआर ब्राझीलसाठी बदलून देणं हा तिथल्या दुरुस्तीवाल्यांचा चांगला धंदा झाला. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन त्याच १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, कृष्णधवल. रंग आला १९८२ मध्ये, युरोपच्या मापाचा पॅल, त्यामुळे असली कटकट आपल्या वाट्याला कमी आली.

टीव्ही दिफुझोरा पुढे बांदेइरांतेस या मोठ्या नेटवर्ककडे गेलं. साओ पावलोत २००७ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा ब्राझीलनं पुन्हा परक्याची पद्धत घेऊन तिच्यात स्वतःचा फेरफार केला. या वेळी पद्धत जपानी होती आणि बदल मुख्यतः चित्र आकसून पाठवण्याच्या रीतीत होता. फक्त आता अर्जेंटिना, चिली, पेरू असे शेजारी देशही त्याच वाटेनं आले.