व्हिक्टोरिया सरोवरातील जलपर्णी नियंत्रण

टांझानिया, युगांडा व केनिया यांच्यात विभागलेल्या व्हिक्टोरिया सरोवरात (क्षेत्रफळ सु. ६८,८०० चौ. किमी.) जलपर्णीच्या बंदोबस्तासाठी झालेला संयुक्त प्रयत्न. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीची सरोवरातील पहिली नोंद १९८९ च्या सुमाराची आहे. ती शोभेच्या तळ्यांतून निसटली असे काही अभ्यासक मानतात; तथापि रवांडाकडून येणाऱ्या कागेरा नदीने ती वाहून आणली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नदीमुखातून तिची झुबकेच्या झुबके पुढेही वर्षानुवर्षे सरोवरात उतरत राहिली.

वारा फिरला की जलपर्णीची तरंगती बेटे एका देशाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्याच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे एकट्या देशाने केलेली काढणी वाया जाई. केनियातील किसुमूच्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यालाच अडकून पडत. युगांडातील जिंजा येथील जलविद्युत केंद्रालाही तिचा उपद्रव झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये तिन्ही देशांनी सरोवराच्या पर्यावरण व्यवस्थापनाचा करार केला. कागेराचे उगमक्षेत्र ज्या रवांडा व बुरुंडीत आहे, ते देश मात्र त्यात नव्हते. ही उणीव मोठी होती.

यंत्राने कापणीही झाली. पण मुख्य भिस्त होती ती निओचेटिना प्रजातीच्या दोन जातींच्या सोंड्या भुंगेऱ्यांवर. युगांडाने ते सरोवरात १९९५ मध्ये, तर केनियाने १९९७ मध्ये सोडले. प्रौढ भुंगेरा रात्री पानाची साल खरवडतो व पानभर बारीक चौकोनी डाग उमटतात. अळी देठ पोखरत गाभ्यापर्यंत पोचते. त्या भोकांत पाणी शिरून रोप कुजते आणि बुडते.

१९९८ मध्ये केनियाच्या विनाम आखातात सु. १७,००० हेक्टरांवर पसरलेली जलपर्णी दोन-तीन वर्षांत झपाट्याने ओसरली. याचे श्रेय कोणाला, हा वाद अद्याप आहे. १९९७-९८ च्या एल निनोमुळे आलेले ढगाळ हवामान व लाटांचा मारा यांना एक गट कारण मानतो. भुंगेऱ्यांनी आधीच पोखरलेली बेटे लाटांनी फोडली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. कारण बंगळूरच्या तळ्यांत १९८० च्या दशकात हेच भुंगेरे सोडल्यावर, एल निनोच्या लाटांशिवायही, काही वर्षांत जलपर्णी हटली होती.

गाळातील बी कित्येक वर्षे रुजण्याजोगे राहते आणि शहरांचे सांडपाणी व शेतांतील खते रोपांना पोसतात. २००६ अखेरच्या अतिवृष्टीनंतर केनियातील विनाम आखात पुन्हा जलपर्णीने भरले. रवांडा व बुरुंडी २००७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय या प्रादेशिक संघटनेत आले; त्यामुळे कागेराच्या उगमाकडील देश आणि सरोवराकाठचे देश या व्यासपीठावरही एकत्र बसू लागले.