प्राणी-रोलप्लेमधील वास्तवता आणि लेखनशैली

प्राणी-रोलप्ले म्हणजे दोन किंवा अधिक जणांनी इंटरनेटवर एकेका प्राण्याची भूमिका घेऊन आळीपाळीने लिहीत नेलेली गोष्ट. तिला एकच लेखक नसतो, शेवट आधी ठरलेला नसतो आणि दुसऱ्याच्या प्राण्याने काय करावे हे आपल्या हातात नसते. नव्या माणसाला गटात घेताना दोन गोष्टी आधी विचारतात : तुझा प्राणी कितपत खरा असणार, आणि तू एका वेळी किती लिहितोस? पुण्याच्या आसपास बसून मराठीत लिहिणाऱ्याला या दोन्हींची उत्तरे घराजवळच सापडतात, म्हणून ही नोंद त्या अंगाने लिहिली आहे.

या प्रकाराचे मूळ टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) सारख्या खेळांत आणि १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मड’ या मजकुरी संगणक-खेळात आहे. २००७ मध्ये मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाने ‘वुल्फक्वेस्ट’ हा लांडग्याचे जगणे दाखवणारा खेळ आणला. आता बहुतेक लिखाण डिस्कॉर्डसारख्या गटगप्पांच्या अ‍ॅपवर चालते.

वास्तवतेच्या पायऱ्या

पूर्ण वास्तववादी गटात प्राणी बोलत नाहीत. जे सांगायचे ते वास, कान, शेपूट आणि आवाज यांतूनच सांगायचे. अर्धवास्तव गटात ते आपसांत बोलतात, पण भूक, जखम, थकवा आणि ऋतू खरे असतात. कल्पनारम्य गटात पंख, जादू, निळी आयाळ, सगळे चालते. अर्धवास्तव प्रकार नवख्यांना सोपा जातो, कारण त्यात संवाद लिहिता येतात. पण कस लागतो तो पहिल्या प्रकारात.

वास्तवता म्हणजे प्राण्याची माहिती भरणे, असा एक समज आहे. माझ्या मते ती इंद्रियांची शिस्त आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट कळतो, तांबडा-हिरवा मात्र वेगळा काढता येत नाही. त्यामुळे पर्वतीच्या पायथ्याशी फिरणाऱ्या कुत्र्याने ‘लालभडक गुलमोहर’ पाहिला, की तिथे कुत्रा संपतो आणि माणूस दिसायला लागतो. प्रौढ मांजरे एकमेकांशी फारशी ‘म्याव’ करत नाहीत, ते मुख्यतः माणसासाठी असते. अंतर मीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत मोजणारा बोकाही असाच पकडला जातो. त्याने दोन उड्यांचे अंतर म्हणावे, भिंतीवरचे ऊन सरकेपर्यंत थांबावे.

अल्फाचा घोळ

लांडग्यांच्या गटांत अल्फा (म्होरक्या), बीटा (त्याच्या खालचा), ओमेगा (सर्वांत तळाचा) अशी उतरंड अजून सर्रास लिहिली जाते. तिचा उगम प्राणिवर्तनाचे अभ्यासक रूडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्यातले लांडगे पिंजऱ्यातले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली आणि १९९९ मध्ये मेक यांनी स्वतःच लिहिले, की रानातली टोळी बहुधा एक कुटुंब असते : आईबाप आणि त्यांची पिल्ले. एवढे एक मान्य केले, की गोष्टच बदलते. गादीसाठी रोज लढाई उरत नाही. बापाने आणलेले तोंडातून काढून पिल्लांना भरवणे, मोठ्या भावंडाने धाकट्यांजवळ राखणीला बसणे, वयात आलेल्या पोराने एक दिवस माळ सोडून निघून जाणे, हे लिहायला मिळते. लढाईपेक्षा हे जड आहे.

आणि हा लांडगा लिहायला बर्फ लागत नाही. पुणे जिल्ह्यात सासवड, जेजुरी, दौंड, बारामतीच्या माळांवर भारतीय लांडगा राहतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, पण तिथे चिंकाराही दिसतो. इथला लांडगा उत्तरेकडच्या भावंडांहून लहान, अंगाने सडपातळ, वाळल्या गवताच्या रंगाचा. त्याच्या जगात पाइन वृक्ष नाहीत. बोर, बाभूळ, कुसळी गवत, धनगरांचा वाडा, मेंढरांभोवती लावलेली वाघर (जाळी) आणि राखणीची कुत्री आहेत. पुण्यात बसून अलास्का लिहिणाऱ्याबद्दल मला राग नाही, वाईट मात्र वाटते. दिवे घाट चढला की माळ सुरू होतो.

लेखनशैली

सर्वांत आखूड शैली तारांकनाची : *कान टवकारतो* *हळूच पुढे सरकतो* कोण आहे तिकडे? व्हॉट्सअ‍ॅपवर ही फुल्यांमधली अक्षरे ठळक होतात, डिस्कॉर्डवर तिरकी. ती वेगवान असते, पण चार जण एकदम लिहू लागले की गोंधळ होतो. त्यापुढे परिच्छेदाची शैली, बहुधा तृतीयपुरुषी आणि भूतकाळी :

‘वारा फिरला आणि तिचं पाऊल थांबलं. मेंढरांचा तेलकट वास मघापासून नाकात होताच, आता त्यात कुत्र्याचा मिसळला. ती पोट टेकून बसली. कुसळं मानेच्या केसांत रुतत होती, तरी तिनं मान झटकली नाही.’

एकेका वेळी पानभर लिहिणारेही असतात. लांबी म्हणजे दर्जा, हा अशा गटांतला जुना गैरसमज आहे. वरच्या चार वाक्यांत पुढच्याला धरायला वारा आहे, कुत्रा आहे, मेंढरे आहेत. पानभर आठवणींत असे काही नसेल तर त्याने उत्तर कशाला द्यायचे?

सर्वांनी पाळायचा नियम एकच : दुसऱ्याच्या प्राण्याचे काय झाले ते आपण ठरवायचे नाही. ‘मी त्याचा गळा फोडला’ हे गॉडमॉडिंग. ‘त्याच्या गळ्याच्या रोखाने झेप घेतली’ हे बरोबर. लागले की चुकले, ते समोरचा लिहील. खेळाबाहेरचे बोलणे ‘ओओसी’ (आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे भूमिकेबाहेरचे) म्हणून वेगळे ठेवतात.

मराठीची बाजू

इथे मराठी फार हाताशी येते. लांडगा गुरगुरतो, मार बसला की कुत्रे केकाटते, मांजर फिस्कारते, घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, वानर भुभुःकार करते. प्रत्येकाला स्वतःचे क्रियापद आहे. बोका आणि भाटी, घोडा-घोडी आणि शिंगरू, रेडा-म्हैस आणि रेडकू, वानरटोळीतला थोराड हुप्प्या हे शब्द वय आणि लिंग एका दमात सांगतात. क्रियापदाच्या शेवटावरूनही प्राणी कळतो : ‘आला’, ‘आली’, ‘आलं’. पिल्लू ‘आलं’ असते आणि ज्या दिवशी लेखक त्याला ‘आला’ म्हणतो त्या दिवशी ते मोठे झालेले असते. पाच जणांच्या दृश्यात नावे न घेताही कोण हलले ते बऱ्याचदा समजते.

प्राणी होऊन वागणे या मुलखाला नवे नाही. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणून भुंकत, कोटंब्यातले (भिक्षेच्या लाकडी पात्रातले) खात. ती भक्ती आहे, खेळ नव्हे, आणि दोन्ही एका पारड्यात घालू नयेत. पण दुसऱ्या जिवाचे शरीर आपल्यावर घेण्याची ओळख तिथेही आहे. लेखनातला नमुना हवा असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आहे. वानरटोळ्यांवरची ही कादंबरी १९८३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली.

वानरांची गोष्ट लिहिताना एक अवघड जागा येते. टोळीचा नर बदलला की नवा नर कधी कधी दुधपिती पिल्ले मारतो. जपानी वानर-अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवले. गटात शाळकरी मुले असतील तर हे दृश्य लिहू नये, काळ पुढे सरकवावा. पण नवा हुप्प्या आल्यावर पिल्ले सुखरूप खेळत होती, असेही लिहू नये. रिकाम्या हातांनी फांदीवर बसलेली आई पुरते.